काडेपेटीतली यकृतका

बाई, भंडारदऱ्याच्या सहलीत तुम्ही शिकवत होतात आणि आमचा अख्खा वर्ग माना वर करून शेकरू बघत होता. तांबूस अंगाची, झुबकेदार शेपटीची ती मोठी खार या झाडावरून त्या झाडावर झेपावतेय आणि तुम्ही खाली ओढ्याकाठच्या कातळाशी उकिडव्या बसलेल्या. "दुर्मिळ आहे, पोटभर बघून घ्या," म्हणालात, "मग इकडेही या." कातळावर काय, तर यकृतका. शेवाळाच्या भावकीतली, वाळून काळी पडलेली, कडा आत वळलेल्या. देखणेपणाच्या नावानं शून्य. तुम्ही बाटलीतलं पाणी शिंपडलंत. बघता बघता कडा उलगडल्या, आतला हिरवा रंग दिसला. "शेकरूला फांदीला फांदी भिडलेली लागते. मधलं एक झाड तोडलं की त्याची वाट संपली. हिचं तसं नाही, ही थांबते."

मला शेकरूच व्हायचं होतं. त्याच उन्हाळ्यात, कॉलेजचं शेवटचं वर्ष उरलेलं असताना, माझ्या वडिलांनी, दादांनी, माझं लग्न ठरवलं. तुम्ही कोपरगावाहून आमच्या मळ्यात आलात, चुलीपाशी पाटावर बसलात. एकच वर्ष मागत होतात. दादा म्हणाले, "सासरी जाऊन शिकंल की, बाई. आमी कुठं न्हाई म्हनतोय?" आई खाली मान घालून भाकरी थापत राहिली. दादा हात जोडून हसत होते, आणि हात जोडून हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. निघताना तुम्ही मला गोठ्याशी बोलावून काडेपेटी दिलीत. आत मातीच्या पापुद्र्यावर वाळकी यकृतका. "वाळलीस तरी चालेल, पोरी. मरू नकोस." तुमचे डोळे भरले होते आणि मी मात्र धुमसत होते. मला फांदी हवी होती, तुम्ही शेवाळ दिलंत.

मुलं शाळेत जायला लागल्यावर मी ते राहिलेलं वर्ष पुरं केलं. पेढे घेऊन तुमच्या दारी आले, तर तुम्ही पावसाळ्यातच गेल्याचं शेजारणीनं सांगितलं. पुडा तसाच मांडीवर घेऊन एसटीत रडत घरी आले. पुढे मीही शिकवायला लागले. मुलींसमोर कातळावर पाणी शिंपडताना तुमचंच वाक्य तोंडात यायचं. पण बाई, तुमच्या काडेपेटीतल्या त्या तुकड्यावर मी अजून एक थेंबही घातलेला नाही. आठवण म्हणून जपलीय, असं सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे ती उठली नाही तर, याची भीती वाटते.