कोरडी जर्सी

बालीगंज, कोलकाता
२० जुलै २०२५

चि. वैदेहीस अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या आईचं, मजकूर माझा. अर्धांगाच्या झटक्यानंतर फोनवर माझी जीभ अजून अडखळते आणि तुला प्रत्येक वाक्य दोनदा विचारावं लागतं, म्हणून हा पत्रांचा घाट. आईला समोर बसून सगळं बरोबर कळतं, अगदी नको तेही.

तू पाठवलेला तुझा व्हिडिओ गेमचा जुना कन्सोल आणि त्यावरचा फुटबॉलचा खेळ पोचला. उजवा अंगठा रुसलाय, त्याला रोज अर्धा तास कामाला लावा, असं फिजिओथेरपीच्या बाई बजावून गेल्यात. मी तासभर रिमोट सोडत नाही. काल भर पावसातला सामना तीन-शून्य जिंकलो. काय चिखल उडत होता! जर्स्या भिजून अंगाला चिकटलेल्या. आपण दोघं एका कीबोर्डवर खेळायचो तेव्हा खेळाडू नुसते ठोकळे दिसायचे, आठवतं?

बाकी घरात बसवत नाही. खिडकी ते दार, दार ते खिडकी. खिदिरपूरच्या गोदीत तीस वर्षं कस्टम्सच्या कागदांवर सह्या ठोकलेल्या माणसाने दिवसभर करायचं काय? पण म्हणून तू गणपतीला धावत येऊ नकोस. नोकरी नवी आहे. हात सुधारतोय.

लोभ असू दे, काळजी नको.
बाबा

ता. क. मी फक्त लिहून घेते. मजकुराला मी जबाबदार नाही. - आई


पुणे
३१ जुलै २०२५

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी नाचले, मग चैन पडेना. इथून तुमच्याशी खेळावं म्हणून माझ्या कम्प्युटरवर तोच खेळ घेतला. नाव एक, साल एक, पण तुमच्या जुन्या कन्सोलवरचा खेळ आतून वेगळाच आहे, माझ्याशी जोडलाच जात नाही. त्यात बटणांचा घोळ. तुमच्याकडे फुली म्हणजे पास. मी ऑफिसातल्या केयूरकडचा दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलर कम्प्युटरला लावला, तर त्यावर फुली भलत्याच जागी आणि दाबली की चेंडू उंच हवेत! (आणि बाबा, त्याला रिमोट म्हणत नाहीत.)

केयूरकडे तुमच्यासारखाच जुना कन्सोल आहे. तुम्हाला काय दिसतं ते बघावं म्हणून रविवारी त्याच्या घरी जाऊन मुद्दाम पावसातला सामना लावला. बाबा, तुमच्या कन्सोलवर जर्सी भिजत नाही. वरून नुसत्या रेघा पडतात आणि खेळाडू इस्त्रीच्या कपड्यांत पळतात. चिखल तर औषधालाही नाही. जर्सी भिजते ती माझ्या कम्प्युटरवर. मग तुम्ही कुणाचा सामना जिंकलात?

लोक आपल्या सामन्यांचे व्हिडिओ मोबाइलवर टाकतात, हे मलाही माहीत आहे. मी रागावले आहे आणि त्याहून जास्त घाबरले आहे. कामात लक्ष नाही, सारखी उठते, पाणी पिते, परत बसते. अंगठा हलतो का? एवढं एकच खरं सांगा.

लोभ आहेच, खरेपणाही असावा.
आपली वैदेही


बालीगंज
७ ऑगस्ट २०२५

चि. वैदेहीस आशीर्वाद.

हे पत्र माझं एकटीचं. तुझं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. जर्सीपाशी आले तेव्हा त्यांनी मान खाली घातली. पहिल्याच दिवशी रिमोट तीनदा हातातून निसटला. तेव्हापासून कन्सोलचा खोका कपाटावर आहे. मोबाइलवरचे सामने बघून त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. माझंही चुकलंच. तू नोकरी सोडून येशील, या धसक्यापायी हे सगळं.

आज सकाळी मात्र कपाटाकडे स्टूल ओढताना दिसले. मी स्टूल घट्ट धरून उभी राहिले.

तुझ्या लोभाची वाटेकरी,
आई


बालीगंज
१७ ऑगस्ट २०२५

चि. वैदेही,

हे माझ्या हाताने. एवढ्याला दोन दिवस लागले.

खोटं बोललो. लाज वाटत होती.

आता रोज खेळतो. काल नऊ-शून्य हरलो. पावसात. जर्सी कोरडीच. तुझं खरं.

अंगठा एकच बटण दाबतो. फुली.

तुझं यंत्र माझ्याशी जुळत नाही तर राहू दे. एकावर दोघं बसू. गणपतीला ये. येताना दुसरा रिमोट आण.

सही अजून जमत नाही, म्हणून खाली फुली काढली आहे. आमच्याकडे फुली म्हणजे पास.

✕