पाच कट्ट्यांच्या अंमळ वर

२ मार्च, सोमवार

पुन्हा तेच. लॅपटॉप लावला, स्पीकर जोडले, आणि आवाज. खरं तर दोन आवाज. एक चटचट, फोडणीत मोहरी उडते तसा, तो गाणं वाजायला लागलं की येतो. दुसरा नुसता घूंऽऽ. गाणं असो नसो, तो आपला पाहुण्यासारखा बसलेलाच. पुण्याच्या जाहिरातवाल्यांची ट्यून परवा द्यायची आहे, ती देईन कशीतरी. माझा जीव अडकलाय तो अप्पांच्या कामात.

तंजावरच्या डॉक्टरांनी आज ऑपरेशनची तारीख दिली. २७. अप्पांच्या स्वरयंत्रावर गाठ आहे. जिवाला काही नाही, पण आवाज पूर्वीसारखा राहील असं सांगता येत नाही, म्हणाले. अप्पा मान हलवत होते, जसं काही शेजारच्या कुणाच्या गळ्याचं चाललंय. बाहेर आल्यावर मला म्हणतात, "काप्पी घेऊंया का गो इंदू?"

त्याआधी अम्माचं ऊंजलचं, झोपाळ्याचं, गाणं रेकॉर्ड करून ठेवायचं. अम्मा गेली तेव्हा सगळे म्हणाले, गाणंही गेलं. नाही गेलं. घरातल्या प्रत्येक लग्नात नवरानवरीला झोपाळ्यावर बसवायचं, दूध-केळं द्यायचं, आणि अम्मानं ते म्हणायचं. अप्पा पुरुषांत बसून जन्मभर ऐकत आले. आता ते त्यांनाच तेवढं येतं. पण बायकांचं गाणं. पुरुषानं म्हणायचं नसतं.

४ मार्च, बुधवार

सकाळपासून लॅपटॉपच्या मागे. बफर वाढवला, चटचट थोडी कमी. ड्रायव्हर नवा घातला, काही नाही. मग दिसलं, लॅपटॉप एका सँपल रेटवर चाललाय आणि माइकचा डबा दुसऱ्यावर. दोघांना एका पंगतीला बसवलं. चटचट गेली! देव पावला.

घूं तसाच. वाय-फाय बंद केलं. तसाच. यूएसबीचं भोक बदललं. तसाच. केबल बदलली. मेलं तसंच.

अप्पा झोपाळ्यावर बसून बघत होते. "नाचता येईना अंगण वाकडं," म्हणाले, आणि खोकेपर्यंत हसले. मला राग आला. हसू नका म्हटलं, गळा जपा. मग वाईट वाटलं. हसायलाही आता कितीसं उरलंय, कुणास ठाऊक.

६ मार्च, शुक्रवार

दुपारी पितळेच्या गल्लीतली भांडी घडवणाऱ्यांची ठोकठोक जरा थांबते. सगळी गल्ली जेवून आडवी होते. फक्त स्पीकरचा घूं. मीही फरशीवर आडवी. अर्धवट झोपेत वाटलं, आवाज स्पीकरमधून येत नाही, फरशीतून येतोय, आणि मी हलकी होऊन त्याच्यावर तरंगतेय. कावेरीला पाणी असताना पोहायला जायचो तशी.

अप्पा झोपाळ्यावरून म्हणाले, "पाच कट्टै."

"काय?"

"तुझा तो आवाज. पाच कट्टै. त्याच्या अंमळ वर."

पुण्यात, मी स्टुडिओत होते तेव्हा, ज्याला पांढरी पाच म्हणायचे, त्याला इथे तमिळ मुलखात पाच कट्टै. यंत्र लावून पाहिलं. खरंच पाचाच्या किंचित वर. मी या आवाजाला शत्रू म्हणतेय आणि अप्पा त्याची श्रुती मोजतायत!

८ मार्च, रविवार

सापडलं. चार्जर काढला, घूं गेला. बस्स! आठवडा घातला आणि उत्तर एक वायर ओढण्यात होतं. जुन्या घराच्या भिंतीतल्या प्लगला अर्थिंगच नाही, तिसरं भोक नुसतं शोभेला. विजेचाच आवाज चार्जरमधून स्पीकरात उतरत होता. आता बॅटरीवर काम करायचं.

किती शांत झालं घर. अप्पांना लगेच बसवलं, माइक लावला. त्यांची श्रुती नेहमीची, एक कट्टै. सुरुवात बरी झाली. "हळू हालवा गे साखळी..." पण पंचमावर जाताना आवाज चिरला. पुन्हा. पुन्हा चिरला. खाली उतरून घ्या म्हटलं, तर कुठे उतरायचं ते सापडेना. हातानं हवेत काहीतरी शोधत होते. अखेर म्हणाले, "नक्को आज."

स्वच्छ रेकॉर्डिंग मिळालं. त्यात एक म्हातारा माणूस गाणं शोधतोय. डोळ्यांत पाणी आलं, चहा करायला उठले.

१० मार्च, मंगळवार

मोबाइलवर श्रुतीचं ॲप आहे. पाच कट्टैवर लावलं, खालच्या सप्तकात, त्यांना झेपेल तिथे. अप्पांनी थोडा वेळ ऐकलं.

"हे पाच."

"हो मग?"

"अम्मा पाचात नाही गायची."

बरं, अंमळ वर सरकवलं. मग म्हणे हा आवाज टिणटिण करतो. हेडफोन दिला, तो काढून ठेवला. कानांत बूच घालून मला माझा गळा कसा कळायचा, म्हणे. त्यांचंही खरं आहे. पण तारीख जवळ येतेय आणि यांची नखरेल नवरीसारखी तऱ्हा! ओरडले त्यांच्यावर. ते झोका घेत राहिले.

संध्याकाळी आत्याबाईंचा फोन, अप्पांची धाकटी बहीण, सुंदरपेरुमाळ कोयिल गावी असतात. "अगो, पुरुषानं ऊंजलचं गाणं म्हणायचं? लोक काय म्हणतील?" म्हटलं, कोण लोक, आत्याबाई? लोक उरलेत कुठे? आपली मुलं घरातही तमिळ बोलतात.

१२ मार्च, गुरुवार

हे नीट लिहायला हवं.

दुपारी बॅटरी संपत आली म्हणून चार्जर लावला आणि मी मागे कपडे वाळत घालायला गेले. स्पीकर चालू राहिले. परत येते तर घूं चाललाय, अप्पा झोपाळ्यावर डोळे मिटून, आणि गातायत.

चिरलेला नाही. खालचा, मऊ, पिकलेल्या केळीच्या पानासारखा आवाज. घूंच्या अगदी मांडीवर बसलेला. पंचमावर गेले आणि तिथेच थांबले, उतरायची घाई नाही. ओला टॉवेल हातात घेऊन मी दारात. माइक बंद. आत जाऊन सुरू करावा असं मनात आलं, आणि पाय उचलेना. कडवं संपलं. डोळे उघडून म्हणाले, "तुझी अम्मा स्वयंपाकघरात असली की असंच वाटायचं."

आणि मला कळलं. आमचा जुना फ्रिज! स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दिवसभर घुमायचा. अम्माला कुणी गुरू नव्हता, तंबोरा नव्हता, श्रुतीची पेटी फक्त पूजेत. ती कांदे चिरताना गायची, फ्रिजच्या आवाजात. तोच विजेचा आवाज, पाचाच्या अंमळ वर. लग्नाच्या मांडवातही ती तोच सूर डोक्यात घेऊन जायची. नादस्वरवाले कुरकुरायचे, या मावशी कुठल्याच श्रुतीत बसत नाहीत. ती बसायची, फ्रिजच्या श्रुतीत.

मी फरशीवर बसून हसत होते की रडत होते, कोण जाणे. अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "फ्रिजाचं मला ठाऊक नाही गो. मला तिचं ठाऊक."

१३ मार्च, शुक्रवार

ठरवलं. घूं ठेवून रेकॉर्ड करायचं. शिकवणीच्या विरुद्ध आहे, पुण्यातल्या स्टुडिओत कुणी असं केलं असतं तर मीच हाकललं असतं. नंतर फिल्टर लावून काढून टाकू. रविवारी पितळेची गल्ली बंद असते, तेव्हा.

झोपाळ्याच्या साखळीला खोबरेल तेल घातलं. तीही किरकिरते.

१५ मार्च, रविवार

झालं!

आत्याबाई सकाळच्या पॅसेंजरनं आल्या, न सांगता. डोक्यात मल्लीचा गजरा, नेसूचं रेशमी, जसं काही खरंच लग्न आहे. मला वाटलं भांडायला आल्या. त्या अप्पांच्या शेजारी झोपाळ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "हे बघ दादा, गाणं मी म्हणते. तू नुसतं मला आठवून दे." अप्पा म्हणाले, "बरं."

चार्जर लावला. घूं. माइक सुरू. अप्पांनी गाणं उचललं. आत्याबाई सगळा वेळ ओठ हलवत होत्या, आवाज एक नाही. त्यांना शब्दच येत नाहीत, अर्धं तोंड चुकीचं हलत होतं! पण रीत राहिली. गाणं बाईनं म्हटलं, दादानं आठवून दिलं. मी खाली मान घालून मीटरकडे बघत बसले, वर बघितलं असतं तर हसू फुटलं असतं, किंवा दुसरं काहीतरी.

सगळी कडवी मिळाली. मधलं एक मी कधी ऐकलेलंच नव्हतं, त्यात नवरी माहेरच्या विहिरीला सांगते की माझ्यामागे आटू नकोस. तिथे अप्पा जरा अडखळले. आत्याबाईंनी त्यांचा हात धरला. पुढे गेले.

जेवायला वत्तकोळंबू आणि आंबट भात. आत्याबाई म्हणाल्या, "माझा आवाज अजून बरा आहे, नाही?" अप्पा म्हणाले, "फार गोड."

१७ मार्च, मंगळवार

घूं काढायला बसले. सोपं काम. हा आवाज एका जागी नसतो, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे थर असतात, ते एकेक कापायचे. कापले. डोळे मिटून ऐकलं.

घूं गेला. अप्पाही गेले.

म्हणजे शब्द आहेत, चाल आहे. पण षड्ज पोकळ. पंचमावर थांबतात तिथे नुसतं टरफल. अहो, त्यांनी सा तिथेच तर लावलाय! घूं जिथे, तिथे सा. त्याच्या वरच्या थरावर पंचम. मी आवाज कापायला गेले तो माणसाला कापलं. थोडं कमी कापून बघितलं, थोडा घूं राहतो, थोडे अप्पा जातात. चिमटीनं दुधातलं पाणी वेचायला बसल्यासारखं.

अन्डू, अन्डू, अन्डू. मूळ फाइल तीन ठिकाणी ठेवली.

अप्पांना दोन्ही ऐकवलं. कापलेलं ऐकून म्हणाले, "हा कोण?"

२६ मार्च, गुरुवार

तंजावरला हॉस्पिटलात खोली मिळाली. उद्या सकाळी. अप्पा खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी तमिळमध्ये गप्पा मारतायत, नर्सच्या गावाची चौकशी, वॉर्डबॉयच्या मुलाची शाळा. बोलून संपवायचंय त्यांना सगळं. मी म्हटलं, आता जरा माझ्याशी बोला. तर म्हणतात, "तुझ्याशी काय बोलायचं, तू तर आहेसच."

हे ऐकून मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. मला भीती वाटतेय. लिहून ठेवते. फार भीती वाटतेय.

२८ मार्च, शनिवार

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी दिसते म्हणाले, तपासणीचा कागद यायचाय. आता मौन. कुजबुजसुद्धा बंद. आवाजाचं डॉक्टर आत्ता काहीच सांगत नाहीत.

अप्पा डोळ्यांनी काप्पी मागतात. मिळणार नाही अजून.

२ एप्रिल, गुरुवार

घरी. अप्पांचं मौन इतकं भरलेलं आहे की मीही हळू बोलते. दुपारी दोघं झोपाळ्यावर. ऊन अंगणातून सरकत उंबऱ्यापर्यंत येतं, थांबतं. वेळ कुठे जातोय कळत नाही. पितळेची ठोकठोकही लांबून, पाण्याखालून आल्यासारखी वाटते. रेकॉर्डिंग लावू का विचारलं. हातानं नको म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं, तर तोंड फिरवलं. मी समजले. हरवलेली वस्तू असेल तर फोटो बघवत नाही.

आत्याबाईंनी मात्र फाइल मागवून घेतली आणि तिरुक्करुगावूरच्या जावेला ऐकवली. जावेनं विचारलं, मागे तंबोरा कोणाचा? आत्याबाई म्हणाल्या, आमच्या वहिनीचा.

९ एप्रिल, गुरुवार

आज तपासणी. कागद आला होता, साधीच गाठ. सुटले! मग गळ्यात कॅमेरा घालून बघितलं, जखम भरतेय. आवाज शिकवणाऱ्या बाई आहेत तिथे, त्यांनी सांगितलं, बोलायचं अजून नाही, आजपासून फक्त ओठ मिटून म्म म्हणायचं. हळू. जोर नको. येईल तेवढंच.

अप्पांनी तिथे केलंच नाही. सगळ्यांसमोर नको, असं माझ्याकडे बघून. बसमध्येही नाही. घरी आलो, हातपाय धुतले, देवाला दिवा लावला. मी लॅपटॉपकडे गेले, चार्जर हातात घेतला. त्यांनी मान हलवली. नको. शेजारी बसायला खुणावलं.

बसले. त्यांनी माझा हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवला, कंठाच्या जरा बाजूला. ओठ मिटले. डोळेही.

बोटांना काहीतरी थरथरलेलं लागलं. मुंगीएवढं. कानांना काहीच नाही.

पुन्हा म्हणा, म्हटलं.