पाठ नसलेला कोट

बेळगाव, कॅम्प
मंगळवार, चैत्र वद्य

तीर्थस्वरूप सौ. ब्राह्मीआक्का हिच्या पायांवर धाकट्या जिनपालचा डोके टेकून नमस्कार, तीर्थरूप दाजींस जयजिनेंद्र, मुलांना पापे, आणि तांबडी म्हैस आता मारकी राहिली नसेल तर तिच्याही पाठीवरून हात. तुझ्या कंबरेत भरलेली उसण उतरली का? इकडे मी खुशाल आहे. खुशाल म्हणजे भूक लागते पण घास घशाखाली जात नाही, आणि दारावर थाप पडली की मी आधी खाटेमागे जातो आणि मग कोण आहे म्हणून विचारतो. आक्का, तू चौथी शिकलीस ती अशाच पत्रांसाठी. हे तू स्वतः वाच, दाजींकडून वाचून घेऊ नकोस. ते वाचतच असतील तर त्यांनी कोटाचा मजकूर आला की थांबावे. (तो लगेचच येतो.)

तुला ठाऊक आहे की मला कपड्यांची भीती वाटते. सापाची वाटते तशी नव्हे, पोलिसाची वाटते तशी. (सापाचीही वाटते.) घरात उघडा बसलेला माणूस नुसता माणूस असतो, बाहेर पडताना तो डोक्यावर जे काही चढवतो त्यावरून लोक त्याचा निकाल लावतात. पटका म्हणजे शेतकरी, काळी टोपी म्हणजे मास्तर नाहीतर कारकून, पांढरी टोपी म्हणजे तुरुंग, आणि हॅट म्हणजे सरकार. आता मी कोण? गावात मी शेतकऱ्याचा मुलगा. इथे कॅम्पात पलटणीला बटाटे आणि जळाऊ लाकूड पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे मी लिहायचे काम करतो. (बटाटे जमिनीखालचे, म्हणून मी ते फक्त लिहितो, खात नाही. दाजींनी काळजी करू नये.) माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत तीन धोतरे, दोन सदरे, एक काळी टोपी आणि तळाशी फडक्यात बांधलेला आप्पांचा तांबडा पटका, एवढीच काय ती इस्टेट. आप्पा जाऊन अकरा वर्षे झाली, पण ती गाठ मी सोडली नव्हती. त्या पटक्याची भीती सगळ्यांत मोठी, म्हणून तिच्याविषयी इथे लिहीत नाही.

गुणाबाईमावशीने माझ्यासाठी निपाणीचे स्थळ काढले, हे तुझ्या कानावर आलेच असेल. तंबाखूचे दलाल पार्श्वनाथआण्णा, त्यांची धाकटी मुलगी धोंडूबाई. तुझ्या कानावर आले नसेल ते एवढेच की धोंडूबाईला मी आधी पाहिलेले आहे. गेल्या साली स्तवनिधीच्या यात्रेत वाऱ्याने माझी टोपी उडाली, ती जाऊन पडली तिच्या पायाशी. तिने ती उचलली, दोनदा झटकली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "डोईपरास टोपी थोरली घेतलीसा काय?" मी टोपी घातली, तर ती डोळ्यांवर आली. तेव्हापासून, आक्का, माझ्या मनात दुसरी मुलगी आलेली नाही. हे स्थळ मोडले तर मी कुणाला काही बोलून दाखवणार नाही, पण मी पुन्हा कधी नीट जेवेन असे मला वाटत नाही.

तर मुलाचा फोटो पाठवा, असा निपाणीहून निरोप आला. फोटो म्हटल्यावर मला दाजींचाच आठवला, तुमच्या सोप्यात दारावर टांगलेला. अंगात कोट, गळ्यात टाय, मांडीवर हॅट. (पुण्याला खास शिवून घेतलेला तो कोट पुढे उंदरांनी खाल्ला, असे दाजी सांगतात. उंदरांची गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली आहे की मला ते उंदीर नावानिशी माहीत आहेत.) त्या फोटोसमोर मी नेहमी ताठ बसत आलो. मला वाटले, माझ्याही फोटोसमोर निपाणीकरांनी थोडे ताठ बसावे.

कॅम्पातल्या एका फोटोवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे खुंटीवर एक कोट, एक टाय आणि एक हॅट असते. तो कोट कुणालाही बसतो. कसा, ते ऐक. तो पाठीत वरपासून खालपर्यंत उभा फाडलेला आहे. जाड माणसाला तो मागे उघडा सोडतात आणि बारीक माणसाला मागून लोखंडी चिमट्यांनी आवळतात. मला सात चिमटे लागले. पुढून मी कलेक्टर कचेरीतला माणूस, मागून दोरीवर वाळत घातलेले धुणे. फोटो मात्र सुरेख आला. निपाणीस गेला. आठव्या दिवशी कार्ड आले: फोटो पसंत, येत्या रविवारी मुलास प्रत्यक्ष पाहण्यास स्वतः येत आहे, पार्श्वनाथ. आक्का, ते कार्ड मी तीनदा वाचले. त्यांना बघायचा होता फोटोतला माणूस, आणि फोटोतला माणूस बेळगावात राहतच नव्हता.

माझ्या खोलीत उचगावचा भरमू राहतो. पलटणीच्या घोड्यांच्या पागेत कामाला आहे, आणि घोड्यांशी बोलून बोलून त्याची भीड पार चेपली आहे. तो म्हणाला, "आरं जिन्या, त्यात काय? कोटच पायजे न्हवं? गोरं विलायतेला चाललं की त्येंच्या सामानाचा लिलाव हुतोय." लिलावातून त्याने मला एक खाकी कोट आणून दिला. तो घालून मी सवय व्हावी म्हणून चर्चच्या रस्त्याने निघालो. पहाऱ्यावरच्या शिपायाने मला पाहून खाडकन बूट आपटले. तो सलाम करीत होता की हाकलीत होता, हे मला अजून कळलेले नाही. मी दोन्ही हात वर केले, मग एक खाली घेतला, मग नमस्कार केला आणि पळालो. घरी भरमूने पहिल्यांदाच कोट नीट पाहिला आणि म्हणाला, "बटनं पलटणीची हाईत ही. घालून फिरलास तर धरत्याल तुला." मी सगळी पितळी बटणे तोडून वाड्यामागच्या विहिरीत टाकली. तेव्हापासून त्या विहिरीचे पाणी मी पीत नाही. विहीर माझ्याविरुद्ध साक्ष देईल असे वाटते.

मग भरमू म्हणाला, साधेपणाने जावे, खादी घालावी. (तो स्वतः घोड्याची जुनी झूल पांघरतो. सल्ले द्यायला कपडे लागत नाहीत.) उसना खादीचा सदरा आणि पांढरी टोपी घालून मी बाजाराकडे वळलो, तर चौकापर्यंत माझ्यामागे चारजण चालू लागले होते. मी भरभर चाललो, तेही भरभर चालले. मी गल्लीत वळलो, तेही वळले, आणि आता नऊजण झाले. मला वाटले हे पोलिस. त्यांना वाटले ही मिरवणूक. गल्ली पुढे बंद होती. तिथे एका म्हातारीने माझ्या पायाला हात लावून विचारले, "भाषण हितंच हाय व्हय रं बाबा?" मी टोपी काढून खिशात घातली आणि खिसा घट्ट दाबून धरत घर गाठले. ठेकेदारसाहेबांना कळले असते तर बटाट्यांनाही मुकलो असतो.

रविवार उजाडला तेव्हा माझ्यापाशी एकच उपाय उरला होता. भरमू फोटोवाल्याकडे गेला आणि दिवेलागणीपर्यंतच्या बोलीवर तोच खुंटीवरचा कोट घेऊन आला. सातही चिमटे लावले, मला भिंतीशी उभे केले आणि म्हणाला, "निस्ती पाठ दावू नगंस, मग काय बी हुत न्हाय." हे म्हणून तो घोड्यांना पाणी दाखवायला निघून गेला.

पार्श्वनाथआण्णा एकटेच आले. अंगात पांढरे, खांद्यावर उपरणे, डोक्यावर रुमाल, आणि तंबाखूची पाने पारखून पारखून बारीक झालेले डोळे. ते खाटेवर टेकले आणि मला पानासारखेच उलटून बघणार की काय, या विचाराने मी पाठ भिंतीला आणखी चिकटवली. पाणी द्यायचे होते, आणि माठ माझ्या मागच्या कोपऱ्यात! मी तोंड त्यांच्याकडे ठेवून उलटा उलटा चालत गेलो, न बघता माठात तांब्या बुडवला, कोपरापर्यंत भिजलो आणि तसाच पुढे आलो. ते मान डोलावून आधी कानडीत होय होय म्हणाले, मग मराठीत, "हौदु, हौदु. थोरल्यास्नी पाठ दावत न्हाईस. वळण चांगलं हाय." त्यांचे शब्द संपतात न संपतात तोच मागे टण्ण झाले. एक चिमटा पडला. "काय पडलं?" मी म्हणालो, भांडे. मग दुसरा पडला. मग तिसरा. प्रत्येक भांड्याबरोबर कोट पुढून फुगत चालला होता, आणि मी श्वास कोंडून त्याला जागेवर धरून होतो. त्यांनी शाळा विचारली, शेत विचारले, तुमची विचारपूस केली. मी सगळ्याला 'होय' म्हणालो. (तुझ्या तब्येतीलाही. ते विचारत होते की तू आजारी असतेस का.)

आणि मग, आक्का, त्यांनी उपरणे माझ्या हातावर टाकले आणि त्याच्याखाली माझी बोटे धरली. तू निपाणीची पेठ पाहिली आहेस. तिथे सौद्याचा आकडा चारचौघांत तोंडाने काढत नाहीत, फडक्याखाली बोटे दाबून सांगतात. आप्पांबरोबर पेठेत उभा राहिलो असतो तर मलाही हे कळले असते. मला वाटले, ते नाडी बघताहेत. त्यांनी आधी हळूच काहीतरी पुटपुटून माझी तीन बोटे दाबली. मी भिऊन त्यांचा अख्खा पंजाच आवळला. त्यांच्या भुवया वर गेल्या. "पाच? बरं. पाच तर पाच. ठरलं!" काय ठरले, कशाचे पाच, हे विचारायचा मला धीर झाला नाही. चौथा चिमटा त्याच वेळी पडला होता.

ऊन कलले तसे ते उठले. जेवण मोठ्या उजेडात व्हायचे होते, आणि त्यांच्या ओळखीचे घर दोन गल्ल्या पलीकडे. आता त्यांना पोचवायला जाणे आलेच. मी तीन पायऱ्या उलटा उतरलो. रस्त्यावरही उलटाच चाललो. एका हातगाडीला धडकलो, एका गाईची क्षमा मागितली. कोपऱ्यावर पार्श्वनाथआण्णा थांबले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पोरा, आता वळ सरळ. त्ये चिमटं अजून गंजकंच हाईत व्हय? माझ्या वक्ताला बी लई टोचायचं."

ते म्हणाले, "फोटो बघिटला तवाच वळखलं म्या. तिसरं बटन माझ्याच हातनं तुटलं हुतं, म्हून त्येनं थोरलं बटन लावलंय. कोट बघाया न्हवं आलतो, आत कोन हाय त्ये बघाया आलतो. आण्णाप्पाचा पोरगा न्हवं तू? तुझ्या बाचा तांबडा पटका पेठंत लांबनं दिसायचा. त्यो दिसला की म्या तागडीवरचं बोट काढून घ्यायचो. आमच्याकडं येताना त्यो बांधून ये. ह्यो कोट नगं." एवढे बोलून ते गेले. मी वाटेत पडलेले बाकीचे चिमटे गोळा करीत खोलीकडे परतलो, या खेपेला सरळ चालत, आणि पाठीला थंडगार वारा लागत होता.

बाकी सर्व क्षेम. तुझ्या उसणीवर शेक घेत जा. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि भ्यायलेल्यांना थोडी सवड असावी ही विनंती.

तुझा भित्रा भाऊ,
जिनपाल

ता. क. पाचाचा उलगडा आत्ताच आलेल्या कार्डाने झाला. पार्श्वनाथआण्णांनी तीन बोटे दाबून विचारले होते की साखरपुडा तिसऱ्या दिवशी चालेल का, आणि मी तो पाचव्या दिवशीचा करून घेतला. (माझ्या भित्रेपणाने तुला दोन दिवस मिळाले, हे विसरू नकोस.) आईबाप नाहीत म्हणून साखरपुडा मुलाच्या थोरल्या बहिणीच्या घरी, म्हणजे चिकोडीस तुझ्याकडे. शुक्रवारी. माणसे वीस. जेवणे सूर्य मावळायच्या आत. हे पत्र तुला बुधवारी मिळेल.

ता. क. वीस माणसे ऐकून दाजींचा आवाज चढला तर तू काही बोलू नकोस. नुसती दारावरच्या फोटोकडे बघ, वरून तिसऱ्या बटणाकडे. ते इतरांपेक्षा मोठे आहे. उंदरांना माझा नमस्कार सांग.

ता. क. एवढे लांबलचक लिहिले ते खरे म्हणजे यासाठी. काल मी पटक्याची गाठ सोडली. अजून त्याला आप्पांच्या पानसुपारीच्या चंचीचा वास येतो. मला भीती होती की टोपीसारखा हाही मला मोठा होईल आणि सगळी पेठ हसेल. भरमू म्हणाला, "आरं, पटक्याला कुटलं माप? ज्येच्या डोईला बांधशील त्येच्या मापाचा." तो उचगावच्या पद्धतीने बांधून द्यायलाही तयार आहे. पण येणारे वीसजण आप्पांची बांधणी ओळखतात, आणि ती आता फक्त तुझ्या हातात आहे. आप्पा पटक्याला पीळ घालायचे तेव्हा सोप्याच्या त्या टोकाला तू उभी असायचीस, आणि मी त्यावर पाय देईन म्हणून मला उंबऱ्याबाहेर उभे करायचे. मी गुरुवारी दुपारच्या मोटारीने येतो. एक टोक तू धर, आक्का. दुसरे या खेपेला मी धरतो.