ऐन रतम शाळेची रानझाडांची बाग सपाट न करण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा शिक्षण संचालक,
शिक्षण संचालनालय, दक्षिण पठार विभाग

विषय: ऐन रतम मुलींच्या शाळेतील रानझाडांची बाग सपाट न करण्याबाबत.

संदर्भ: 'आवारातील रान साफ करून प्लास्टिकची हिरवळ बसवावी' हे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

मी, इन्शिराह सलामा, या शाळेत जीवशास्त्र शिकवते. बागेची जबाबदारी माझ्याकडे असल्याने खालील बाबी आपल्यासमोर ठेवीत आहे.

१. गावाबाहेरच्या टेकडीवरून रस्ता जाणार असे ठरले, तेव्हा मुलींनी व त्यांच्या घरच्यांनी तेथील शीह व झातर या सुवासिक रानवनस्पतींची आणि रतमच्या झुडपांची रोपे टोपल्यांतून शाळेत आणून लावली. काळ्या सौसनीचे, म्हणजे रानटी आयरिसचे, कंदही आणले. कुंपणाचे दगड पालकांनी वाहिले. पाणी मुली नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, वजूच्या नळाखाली धरलेल्या बादल्यांतून घालत. सौसन येथे अद्याप फुललेली नाही. येत्या वसंतात ती फुलेल अशी अपेक्षा होती.

२. समिती सप्टेंबरात आली. त्या दिवसांत सौसनीचे जमिनीवर काहीच दिसत नाही आणि बाकीचे करडे पडलेले असते. सदस्यांनी विचारले, "हे गवत कधी काढणार?" नववीतील रबाब म्हणाली, "सर, ते झोपलंय." त्यावर सदस्य म्हणाले, "शाळेत झोपायची परवानगी कुणी दिली?" सगळे हसले, मीही हसले. अहवालात 'सर्व झाडे मृत' अशी नोंद झाली.

३. त्यानंतर रबाबचे आजोबा हाजी अबू दैफल्ला गावातील बुजुर्गांना घेऊन आपल्याकडे आले. आपण याच जिल्ह्यातले आहात. रीतीप्रमाणे हाजींनी कॉफीने भरलेला कप खाली ठेवला, मागणे सांगितले आणि शब्द मिळेपर्यंत तो ओठाला लावला नाही. आपण म्हणालात, "हाजी, कॉफी प्या. तुमचं काम झालं." सर्वांनी कॉफी घेतली. गावात मिठाई वाटली गेली.

४. तरीही पुढील आठवड्यात संदर्भीय पत्र आले. मी विचारणा केली असता कार्यालयाने कळवले की, कॉफीसंबंधी कोणतीही नोंद नस्तीत आढळत नाही. हाजींना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मग आम्ही काय तहान लागली म्हणून प्यायलो?" तेव्हापासून ते कुणाच्याही घरी कॉफी घेत नाहीत. पुतणीच्या लग्नातही घेतली नाही. गावात त्यांचा शब्द आता पूर्वीसारखा चालत नाही.

५. सबब, समितीने मार्चमध्ये एकदा पुन्हा यावे. ते शक्य नसल्यास अर्धी बाग ठेवावी. तेही शक्य नसल्यास भिंतीलगतचा सौसनीचा कोपरा तरी ठेवावा.

६. वरील मजकूर मंगळवारी लिहिला. मुख्याध्यापिका बाहेरगावी असल्याने शिक्का आज मिळाला. दरम्यान काल, तिसऱ्या तासाला, यंत्र आले. मी वर्गात पानाचे भाग शिकवत होते. मुलींनी खिडकीकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी शिकवत राहिले, कारण मला दुसरे काही सुचले नाही. मला राग आला नाही आणि रडूही आले नाही. येईल असे वाटत होते. माती ट्रकमध्ये भरून नेली. विषयाची ओळ बदललेली नाही, कारण शाळेचा जावक क्रमांक त्याच विषयावर पडला आहे.

७. त्यामुळे कलम ५ मधील विनंत्या मी मागे घेते. आता एवढेच मागणे आहे की, ती माती कोठे टाकली हे कळवावे. कंद मातीत खोल असतात, सगळेच तुटले असतील असे नाही. चालकाला विचारले, तर तो म्हणाला, "बाई, साहेबांना विचारा." म्हणून साहेबांना विचारत आहे. पाऊस पडून गेला की मुली तेथे जाऊन बघतील. त्या कशालाही हात लावणार नाहीत.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
इन्शिराह सलामा
ऐन रतम, गुरुवार, २४ ऑक्टोबर २०२४

सोबत: फाटकाजवळ सांडलेल्या मातीची एक पुडी, ओळख पटवण्यासाठी.