दातांवरचं किटण

१४ ऑगस्ट

आले एकदाची नाशिकला. सटाण्याहून गादीची वळकटी मांडीवर घेऊन बसले होते, तर कंडक्टर म्हणतो, हिचंपण तिकीट काढा मॅडम. सगळी बस हसली. खोली कॉलेजच्या मागच्याच गल्लीत आहे. सोबतीण निकिता, सायखेड्याची, वर्गातही माझीच जोडीदार. बोलते लय, पण मनाने बरी दिसते.

दोन वर्षांचा कोर्स, मग कौन्सिलकडे नोंदणी, की झाले मी डेंटल हायजिनिस्ट. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, म्हणजे लोकांचे दात घासायची नोकरी. म्हणू देत. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आई स्टँडवर आली होती. डबा दिला, हसली नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या भावाला, दीपकला, ट्रकने उडवलं, तेव्हापासून ती हसतच नाही. अजून रोज त्याच्या वाटची भाकरी थापते आणि संध्याकाळी गाईला घालते. नोकरी लागली की तिला इथे आणायचं. मला दुसरं काही नको.

९ डिसेंबर

आजवर प्लास्टरच्या दातांवर गिरवत होतो, आता एकमेकींच्या तोंडात. निकिताने माझ्या हिरडीतून रक्त काढलं आणि वर मलाच म्हणते, हलू नको. माझा हात मात्र हलका आहे, असं तीच सांगत सुटलीय. जानेवारीपासून खरे पेशंट. ते आपले आपणच आणायचे, असा इथला रिवाज आहे. त्यामुळे मुलींनी आत्या-मावश्यांना आतापासून फोन सुरू केलेत.

११ जानेवारी

पहिली पेशंट. पेठकडच्या रंगूबाई, सोबत सून पायल. जन्मभर मिश्री लावलेली, खालच्या दातांमागे काळं किटण दगडासारखं बसलेलं. किटणानेच दात धरून ठेवलेत, ते काढलं की सगळं हलायला लागंल, असं त्या म्हणत होत्या. सगळ्याच म्हाताऱ्या म्हणतात. त्यांचा मुलगा काळू लहानपणी नाल्यात बुडाला, तेही सांगितलं. तोंड उघडं ठेवून बाई रडत होत्या आणि मी खरवडत होते.

चूळ भरल्यावर त्यांनी दातांवरून जीभ फिरवली आणि चक्क हसल्या. लग्न होऊन आल्यापासून सासूला हसताना पाहिलं नव्हतं, असं पायल म्हणाली. शेखर सर क्लिनिक बघतात, सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. ते म्हणाले, तुझ्या हाताला गुण आहे. मी स्वतःला मिसळ खाऊ घातली.

१८ जानेवारी

पायल एकटीच आली, घाबरलेली. रंगूबाई छान जेवतात, झोपतात, पण भिंतीवरच्या फोटोतलं पोर कुणाचं, असं विचारतात. वयामुळे होतं, असं मी सांगितलं. दुसरं काय सांगणार?

ती गेल्यावर मात्र आईच डोळ्यांपुढे आली. एवढं दुःख असं अलगद गेलं, तर वाईट काय झालं?

२ फेब्रुवारी

आईला आणलं. पेशंट हवेच होते, हे झालं सरांना सांगायला. खरं कारण वेगळं. दीपक तिच्या मनातून थोडा कमी व्हावा, एवढंच मला हवं होतं. फार जपून केलं. शेवटी ती हसली. माझ्या हसऱ्या आईचा चेहरा मी विसरूनच गेले होते. म्हणाली, तुना हातले गुण शे. बसमध्ये बसवून परत येताना मी रस्त्यात रडले, आनंदाने.

५ फेब्रुवारी

खालच्या दातांमागे काहीतरी खरखरीत लागतंय. निकिताने आरसा घालून पाहिलं. किटण, मिश्रीसारखं काळं. मी मिश्रीला कधी हात लावलेला नाही, आणि किटण असं दोन-तीन दिवसांत बसत नाही.

सकाळी दात घासताना काळूसाठी हुंदके आले. बुडाला तेव्हा त्याने हिरवी चड्डी घातली होती. हे मला रंगूबाईंनी सांगितलेलं नाही.

९ फेब्रुवारी

शेजारच्या काकूंचा फोन आला म्हणून सटाण्याला गेले. आई दारात उभी. मला बघून म्हणाली, कोनी पोर शे व तू? कुणाची मुलगी तू, असं, मला. मग पाहुणीला देतात तसं पाणी दिलं. परातीत एकच भाकरी होती.

१४ फेब्रुवारी

आईला खोलीवर आणलंय. तिला वाटतं मी घरमालकीण. तिला सगळं सांगते, माझं बारसं, शाळा, दीपकचं लग्न ठरत होतं ते. ती कौतुकाने ऐकते, लोकांच्या घरची गोष्ट ऐकावी तसं. आत काही जात नाही.

ते सगळं माझ्या तोंडात आहे. मी जन्मले तेव्हा तिला वाटलं होतं, ही जगायची नाही. ती भीती मला आठवते, तिच्या बाजूने. कुठलं माझं, कुठलं तिचं, वेगळं करता येत नाही. किटण वरच्या दातांवरही चढलंय. जबडा बोटभरच उघडतो.

१८ फेब्रुवारी

बोलता येत नाही. सर म्हणाले, आजच काढू. मी कागदावर लिहिलं, नाही. निकिता रडली. कसं सांगू तिला — हे खरवडलं तर आई मला कुठेच उरणार नाही. आणि ठेवलं तर — घशाकडे सरकतंय. श्वासाला शिट्टी येते.

२० फेब्रुवारी

वर्गातच गुदमरले. शुद्ध आली तेव्हा खुर्चीत होते, निकिताने वरचे दात साफ करून टाकले होते. श्वास मोकळा.

मागचं वाचलं. काळू म्हणून कुणी — कोण काळू? आणि दीपक? माझा भाऊ, असं लिहिलंय. माझ्याच अक्षरात.

२१ फेब्रुवारी

मी स्नेहल. सटाण्याची. आई लंकाबाई. आई लंकाबाई. खालचे दात करू देणार नाही. तिथे ती —

२२ फेब्रुवारी

धरलं त्यांनी मला. घसा बंद होत होता म्हणे. हात —

२३

दात कसे गुळगुळीत लागतायत. बरं वाटतंय. बाकावर एक बाई बसलीय, तिचेही दात स्वच्छ. मी हसले, तीही हसली. गोड आहे बाई. कुणाची वाट बघताय विचारलं, तर तिलाही माहीत नाही. पांढऱ्या कोटातली एक मुलगी आम्हा दोघींकडे बघून रडतेय. माझा हात ओढून तिच्या हातात देतेय. म्हणते, नीट बघ, ही तुझी —