मेहुण्याच्या नाकावर माझं मशीन

२ जून
आजपासून रोजनिशी लिहिणार, कारण माझ्याबद्दल खरं लिहिणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. कंपनीच्या डॉक्टरनं माझ्या कागदावर लिहिलंय, 'क्रेन चालवताना झोपला.' साफ खोटं! एकोणीस वर्षं क्रेन चालवतोय. चार टन लोखंड हवेत लटकत होतं आणि मी केबिनमध्ये डोळे मिटून पुढचा विचार करत होतो. बावीस मिनिटं केला. खोल विचाराला वेळ लागतो.

खाली इशारे द्यायला मेहुणा होता. हिचा भाऊ. आमच्याच कंपनीत, आमच्याच घरात, हॉलमधल्या सोफ्यावर. त्यानंच शिट्ट्या मारमारून सगळी कंपनी गोळा केली. घरभेदी मेला.

३ जून
झोपेच्या तपासणीचा निकाल आला. म्हणे, झोपेत माझा श्वास तासाला एकेचाळीस वेळा अडकतो. मोजत बसणाऱ्याला दुसरा उद्योग नसणार. हुकूम असा: रोज नाकाला मास्क लावून झोपायचं, मशीन हवा सोडणार, आतलं कार्ड सगळी नोंद ठेवणार. तीस दिवस नीट वापरलं तर क्रेन परत. तोवर स्टोअरमध्ये बसून हातमोजे वाटा. शिवाय उदासीवर एक गोळी, रोज सकाळी. मी उदास नाही. मला सगळ्यांची किळस येते. डॉक्टरला एवढा फरक कळत नाही.

४ जून
मास्क लावला. शी! रबराचा वास, आणि कुणीतरी तोंडाजवळ बसून फुंकर मारतंय असं वाटत राहतं. तेवीस मिनिटांत काढून फेकला. ही म्हणाली, अहो, होईल सवय. घाणीचीही होते सवय, म्हणून लावून घ्यायची का?

गोळी रात्री घेतली. झोपेच्या भानगडीत सकाळची गोळी कशी असेल? चूक डॉक्टरची, सुधारली मी.

६ जून
दोन रात्री टक्क जागा. डोळा लागलाच तर भयंकर स्वप्नं. काल स्टोअरमधले सगळे हातमोजे मिळून टाळ्या वाजवत होते. गोळीच भिकार.

७ जून, रात्री
सुचलं! कार्डाला नाक लागतं. कुणाचं, ते त्याला काय कळतंय? मेहुणा पडला की आठ तास हलत नाही, घोरून घर मात्र डोक्यावर घेतो. त्याला म्हटलं, घोरण्यावर मस्त उपाय आहे, आजपासून तू वापर. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, भावजी, तुम्ही स्वतःचं मशीन मला देताय? म्हटलं, अरे, घरचंच आहे. हिला सांगितलं, माझी झोप मुळात उत्तम आहे.

१५ जून
मेहुण्याचे, म्हणजे माझे, रोजचे साडेसात तास चालू आहेत. सकाळी मास्क पुसायचं काम माझ्याकडे. त्याची लाळ, त्याच्या केसांचं तेल. ओकारी येते. पण क्रेनसाठी माणूस काय काय करत नाही!

तो आता सहाला उठून शीळ घालत दाढी करतो. स्वतःची चादर स्वतः घडी करतो. माणसानं इतकं ताजंतवानं दिसणं मला अश्लील वाटतं.

२० जून
गोळी एकदम बंद केली. चक्कर येते, मान वळवली की डोक्यात झिणझिण्या. म्हणजे गोळी वाईट होती हे सिद्ध झालं. ही म्हणते, डॉक्टरला न विचारता सोडायची नसते. हिलाच डॉक्टर करा.

वेल्डरला दोन्ही डाव्या हाताचे मोजे दिले म्हणून तो भर स्टोअरमध्ये ओरडला. लोकांची जुळवून घ्यायची तयारीच नसते.

२७ जून
मेहुणा क्रेनच्या परीक्षेत पास झाला! आधी तीनदा लेखी पेपरवरच झोपला होता. साहेब म्हणाले, याच्यात एवढा बदल झाला कसा? मला माहीत होतं, बोललो नाही. असू दे. मी येईपर्यंत बदलीवर चालवेल.

८ जुलै
अकराला डॉक्टरकडे. कार्ड बघून डॉक्टर खूश. सुरुवातीच्या तीन रात्री सोडल्या तर रोज साडेसात तास, श्वास अडकणं तासाला फक्त दोन. म्हणाला, असा शिस्तीचा पेशंट बघितला नाही. तो बाकीचं वाचत होता तेवढ्यात मी खुर्चीत जरा विचार करत बसलो. नर्सनं खांदा हलवला तेव्हा दारात चार माणसं उभी होती. म्हणे, आवाज बाहेरपर्यंत आला.

डॉक्टरचा चेहरा उतरला. विचारलं, गोळी रोज सकाळी घेताय ना? म्हटलं, हो. म्हणाला, मशीन पूर्ण लागू पडलं, गोळीही चालू आहे, तरी तुम्ही बसल्या बसल्या झोपता. मग आमच्याकडे उपाय नाही. क्रेनसाठी कायमचे अनफिट.

खरं सांगितलं असतं तर फसवणूक केली म्हणून नोकरीच गेली असती. गुपचूप सही करून आलो.

११ जुलै, संध्याकाळी सहा
मेहुण्याची दुसरी पाळी, माझी सुट्टी. मशीन रिकामं होतं. ते बोगस आहे हे एकदाचं सिद्ध करायला दुपारी दोनला मास्क लावला. त्याच्या तेलाचा वास होताच.

साडेपाचला जाग आली. एकही स्वप्न नाही. डोकं कुणीतरी धुऊन काढल्यासारखं. खाली रस्त्यावर दोघं तावातावानं भांडत होते, त्यांचाही राग आला नाही. असं शेवटचं कधी वाटलं होतं, आठवेना. फार बरं वाटलं. मग भीती वाटली. त्या दिवशी मी झोपलो होतो. विचारबिचार काही करत नव्हतो. चार टनांखाली माणसं होती, आणि ती मेहुण्यानं शिट्ट्या मारून बाजूला काढली.

हिला म्हटलं, मशीन मला लागणार. ही म्हणाली, आधी त्याला विचारा. आता क्रेनवर तो बसतो, त्याची झोप व्हायला पाहिजे.

मेहुणा दहाला येईल. त्याला कसं विचारायचं, सुचत नाहीये.