यशोधरेच्या आजाराचा विग्रह

८ जानेवारी १९६१
यशोधरेच्या पोटात परत दुखलं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: कोलेलिथियासिस. ती घाबरली. मी नाही. जन्मभर इकडे हिंदी मुलखात पोरांना संस्कृत शिकवतो आहे. शब्द कितीही लांब असो, फोडला की त्याचं काही चालत नाही. वाचनालयातून डॉक्टरी शब्दांच्या ग्रीक-लॅटिन मुळांचं पुस्तक आणलं.

९ जानेवारी
कोले म्हणजे पित्त. लिथोस, दगड. इयासिस, अवस्था. पित्ताश्म! सरळ षष्ठी तत्पुरुष. बायकोला विग्रह करून सांगितला. आता कळलं ना, म्हटलं. ती म्हणाली, कळलं, पण दुखतंय. गुण यायला वेळ लागतोच.

१५ जानेवारी, सकाळी
डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. कोलेसिस्टेक्टमी. सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टमी म्हणजे कापून काढणे. हा प्रत्यय मला आवडला नाही. पुरता अभ्यास झाल्याशिवाय होकार देणं अशास्त्रीय. फेब्रुवारीत पाहू.

२ फेब्रुवारी
संकल्प: रोज दहा मुळं पाठ. आज तीन झाली. स्टाफरूममध्ये मालोजी पवारांना त्यांच्या ब्राँकायटिसचा विग्रह करून दिला. फार खूश झाले. खोकत वर्गावर गेले.
यशोधरा दुपारची पोटाशी उशी धरून बसते. मी आलो की उशी बाजूला ठेवते. म्हणजे फरक पडतो आहे.

१९ फेब्रुवारी
मेहुणा बाळकृष्ण सांवेरच्या शेतावरून आला. म्हणाला, जिजाजी, ताईचा चेहरा तो देखो, किती उतरलाय. ऑपरेशन कब? मी एक्टमी समजावू लागलो, तर मध्येच उठून तिच्याकडे आत गेला. शेतीवाल्यांना शास्त्रात गोडी नसते. शाळेच्या परीक्षा संपल्या की ऑपरेशन नक्की.

६ मार्च, संध्याकाळी
तिला सकाळपासून ताप. थंडी वाजते. मी लगेच ओळखलं: आयटिस, म्हणजे दाह. कोलेसिस्टायटिस! डॉक्टर आले, तेच म्हणाले. मी तर सकाळीच ओळखलं होतं, असं त्यांना सांगितलं. त्यांनी बॅग मिटली. मग म्हणाले, मास्साब, तांगा मंगवाइए. अभी के अभी.

७ मार्च, इस्पितळ
सर्जनसाहेबांनी मला विचारलं, दर्द कब से है, किस तरफ, खाने के पहले या बाद? मी तोंड उघडलं. कोले, लिथोस, सिस्ट, सगळं आठवलं. कुठल्या बाजूला दुखतं ते सांगता येईना. तिला मी कधी विचारलंच नव्हतं.
स्ट्रेचरवरून यशोधरा हळूच म्हणाली, इनको मत पूछिए डॉक्टरसाब, इनको सिर्फ नाम मालूम है. रागावून नाही. चारचौघांत मला सांभाळून घ्यावं तशी म्हणाली. मग स्वतःच हात ठेवून जागा दाखवली.
संमतीचा कागद पुढे केला. सही केली. एक शब्दही वाचला नाही.
तिला आत नेऊन बराच वेळ झाला. निरोप मिळताच बाळकृष्ण सांवेरहून आला, शेजारी बसला आहे.
भीती वाटते. जानेवारीपासून वाटते आहे.